सेटिंगचा वेळ

उद्यमनगरात खोली घेतली ती भाडं कमी म्हणून.
खाली दस्तगीरमामांची दोन लेथ मशीनं,
दारात बिडाची काळी पूड,
आणि सकाळी नऊपासून लोखंड सोलल्याचा
एक लांबच लांब कर्र आवाज,
माझ्या माइकला माझ्यापेक्षा जास्त आवडणारा.

तर माझं वेळापत्रक त्यांनीच लावलं, न विचारता.
बोलायचं ते एक ते दीड,
खाली डबे उघडलेले असताना.
किंवा मग सोमवारी, गाव सुटीवर, शटरं खाली,
आणि वरच्या खोलीत मी एकटी ओरडत,
मेला! चाळिसाव्या खेपेला मेला राक्षस!

रात्री नऊला लाइव्ह, दोनला बंद.
मग कापाकापी. पाच तासांतली अकरा मिनिटं
ठेवायची, बाकीची मी
कचऱ्यात.
पहाटे गंगावेशीत, म्हशी बांधतात तिथं,
फेसाळ दुधाचा ग्लास उभ्यानं.
शेजारी मेहनत उरकून आलेला एखादा पैलवान,
त्याचे कान मुडपलेले, माझेही,
त्याचे मातीनं, माझे हेडफोननं.
दूधवाला दोघांना एकच विचारायचा,
"झाली काय मेहनत?"

एकदा मामा लाइटबिल घेऊन वर आले.
भिंतीवरचा कागद वाचत उभे राहिले.
"आठवड्याला पंचवीस तास? बरं हाय की तुझं."
मग पडद्याकडे बोट, "आन् ह्ये काय?"
माझंच तोंड, आ वासलेलं, डोळे बटाट्याएवढे.
म्हटलं, व्हिडिओवर लावायचं चित्र. दीड तास लागतो.
"मग त्यो दीड तास कुठं लिवलाय?"
तो धरत नाही, मामा.

त्यांनी खिशातून जॉबकार्ड काढलं, तेलानं पारदर्शक झालेलं.
सेटिंग चाळीस मिनिटं. कटिंग बारा.
"सेटिंग धरली न्हाईस तर मालक फुकटात नेतोय माल.
तुझा मालक कोण म्हनलीस, वैजयंता?"

मला नाव सांगता येईना.

त्या रात्री सगळं लिहून काढलं. शीर्षकाचे नऊ कच्चे मसुदे.
जाहिरातवाल्याला सहाव्यांदा पाठवलेलं बिल.
शिव्या पुसणं, हेही काम.
जेवताना दुसऱ्याचा खेळ बघणं, हेही कामच, कबूल केलं.
झोपेत आकडे बघणं कुठल्या रकान्यात टाकावं कळेना.
बेरीज एकाहत्तर.
गुरुवारचं लाइव्ह बंद केलं.
आठशे माणसं निघून गेली, त्यांतला एक
जाताना म्हणाला, ताई, आळशी झालीस.

दिवाळीनंतर मामांनी मशीनं शिरोलीला हलवली.
ट्रक वळेपर्यंत मी खिडकीत होते, आणि खरं सांगते,
मला आनंद झाला होता.
आता कधीही बोलता येईल.
आता कधीही.
अकराला म्हणायचं दुपारी, दुपारी म्हणायचं रात्री,
रात्री नऊ वाजता तयार काहीच नसायचं,
फक्त शांतता, उत्तम दर्जाची, ध्वनिमुद्रणाला योग्य.
लोक विचारायला लागले,
मागचा तो कर्र आवाज कुठं गेला?
सांगलीचा एक पोरगा म्हणाला, त्यावर झोप लागायची मला.

काल एक वाजला.
सवयीनं हात माइकच्या बटणावर गेला,
तो तांबडा दिवा लागला,
आणि मला आठवलं की ही त्यांची जेवायची वेळ,
इतकी वर्षं मी फक्त बोलत आले तिच्यात.
दिवा मालवला. चपाती, मेथीची भाजी,
पडदा काळा, त्यात माझं तोंड
नेहमीएवढंच उघडं.

कागदावर लिहिलं, जेवण, तीस मिनिटं.
सेटिंगमध्ये धरलं.